पोषकांचे पोषण

दरवर्षी १९ डिसेंबर उजाडला की गोवा मुक्तीच्या मोहिमेची उजळणी होते. १९६१ सालच्या त्या मोहिमेतील नौदलाच्या पराक्रमाची आठवण निघाली म्हणजे अंजदीव बेटावर धारातीर्थी पडलेले नौसैनिक आठवतात. ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांची नावे घेतली जातात. मुरगावच्या पाण्यात ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ला गाठणाऱ्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांचा गौरव होतो. तो व्हायलाच हवा. परंतु त्या आरमारी ताफ्यात आणखी एक जहाज होते. त्याचे नाव ‘धारिणी’. ताफ्याला लागेल ते पुरवणे हे तिचे काम, आणि म्हणून साहाय्यक गटात तिची नेमणूक झाली होती. तिचे नाव आज कोणाच्या ओठांवर आहे?

दहा वर्षांनंतर हेच पुन्हा घडले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर झालेला हल्ला आपल्या नौदलाच्या इतिहासात अमर झाला आहे आणि त्या दिवसाचाच पुढे नौदल दिन झाला. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका आणि त्यांच्या सोबतीला असलेल्या ‘किल्तान’ व ‘कच्छाल’ यांची नावे निदान जाणकारांना तरी पाठ असतात. मात्र या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला तोकडा होता. कराचीपर्यंत जाऊन सुखरूप परतायचे तर वाटेत तेलाची सोय हवी होती. त्यासाठी ताफ्याबरोबर एक तेलवाहू जहाज निघाले होते. त्याचे नाव ‘पोषक’. वाग्बाणांची आतषबाजी करणाऱ्या नौदल दिनाच्या भाषणांत या ‘पोषका’चा उल्लेख आम्ही तरी क्वचितच ऐकला आहे.

लढणाऱ्यांचा सत्कार व्हावा आणि त्यांना वाढणाऱ्यांचा विसर पडावा, ही जगाची रीतच आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु विसर केवळ सत्कारापुरता राहत नाही. ज्याची आठवण होत नाही त्याची देखभालही होत नाही, आणि जहाजाच्या बाबतीत देखभाल न होणे म्हणजे काय, हे समुद्र फार लवकर आणि फार कठोरपणे शिकवतो. आज या विषयाची चर्चा करण्याचे निमित्तही तसेच आहे. २५ ऑगस्ट २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी पाच मोठ्या पुरवठा जहाजांचा करार केला. रक्कम सुमारे १९ हजार कोटी रुपये. प्रत्येक जहाजाचे वजन ४४ हजार टनांच्या घरात. मुदत आठ वर्षे. १० एप्रिल २०२४ रोजी पहिल्या जहाजाचे पोलाद कापले गेले आणि त्याच वर्षीच्या २० नोव्हेंबरला त्याचा कणा बसवण्यात आला. इतकी मोठी पाच पुरवठा जहाजे आपल्याच देशात, एकाच आराखड्यावर बांधण्याचा हा पहिलाच योग आहे. योग शुभ आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो जलावतरणाच्या दिवशी फुटणाऱ्या नारळाचा नव्हे, त्यानंतरच्या तीस वर्षांचा.

पुरवठा जहाज म्हणजे तरंगती तेलाची टाकी, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. युद्धनौका वेगाने धावते आणि वेगाने तेल पिते. तेल संपले की तिला बंदर गाठावे लागते, आणि बंदराकडे तोंड फिरवलेली युद्धनौका तेवढ्या दिवसांपुरती युद्धातून बाद झालेली असते. तिला समुद्रातच तेल, पिण्याचे पाणी, धान्य, दारूगोळा आणि सुटे भाग पोहोचवणारे जहाज असले तरच ताफा किनाऱ्यापासून शेकडो सागरी मैल दूर आठवडेच्या आठवडे राहू शकतो. २०११ साली आपल्या नौदलात आलेले ‘दीपक’ हे या प्रकारचे जहाज १७५ मीटर लांब आहे. त्याच्या पोटात सुमारे साडेपंधरा हजार टन द्रव माल मावतो, शिवाय सुमारे पाचशे टन घन सामान. मध्यम गतीने चालले तर ते एका दमात १२ हजार सागरी मैल जाऊ शकते आणि एकाच वेळी चार जहाजांना तेल देऊ शकते.

हे तेल देणे सोपे नसते. दोन अजस्र जहाजे एकाच दिशेने, एकाच गतीने, एकमेकांपासून चाळीस-पन्नास मीटर अंतर राखून तासन्‌तास धावत राहतात. दोघांमध्ये पोलादी दोर ताणलेला असतो आणि त्याच्या आधाराने जाड रबरी नळ्या एका जहाजावरून दुसऱ्यावर जातात. लाटेबरोबर जहाजे डोलतात, अंतर कमीजास्त होते, पण दोर सैल पडून चालत नाही आणि तुटेल इतका ताणूनही चालत नाही. तो सतत योग्य ताणात ठेवण्याचे काम विंच नावाचे यंत्र करते. या विंचचा ब्रेक झिजला, एखाद्या पंपाचे सील गळू लागले, नळीच्या सांध्यातील गॅस्केट सुकले, तर हजारो टन तेल पोटात असूनही ते जहाज ताफ्याच्या कामाचे राहत नाही. ‘दीपक’ला दोन मोठी डिझेल इंजिने आहेत, पण ती मिळून एकच दंड फिरवतात आणि त्या दंडाच्या टोकाला एकच पंखा आहे. मालवाहू जहाजांत ही रचना सर्वमान्य आहे आणि काटकसरीचीही आहे. परंतु त्या एका दंडाच्या बेअरिंगने दगा दिला तर दोन्ही इंजिने ठणठणीत असून उपयोग काय? ज्याच्या भरवशावर अख्खा ताफा दूरच्या समुद्रात गेला, ते जहाज अशा वेळी एका बेअरिंगच्या भरवशावर असते.

यात अतिशयोक्ती आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने अलीकडचाच एक दाखला पाहावा. २०२४ च्या सप्टेंबरात ओमानजवळच्या समुद्रात ‘बिग हॉर्न’ या अमेरिकी तेलवाहू जहाजाला अपघात झाला. सुकाणूला इजा झाली आणि यंत्रकक्षात पाणी शिरले. ‘अब्राहम लिंकन’ या विमानवाहू नौकेच्या ताफ्याला तेल पुरवणारे ते एकमेव नौदली जहाज होते. ते निकामी होताच जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराला व्यापारी तेलवाहू जहाजांची शोधाशोध करावी लागली. त्याआधीचा धडा १९८२ च्या फॉकलंड युद्धातला. २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे ब्रिटिशांचे सामानवाहू जहाज पेटवले. त्यावर सैन्याच्या वाहतुकीसाठी आणलेली मोठी चिनूक हेलिकॉप्टरे होती. त्यांपैकी तीन जळाली. एक त्या वेळी आकाशात होते म्हणून वाचले. पण त्या वाचलेल्या हेलिकॉप्टरचे सुटे भाग, त्याची हत्यारे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका सर्व काही जहाजाबरोबर गेले. पुढचे सारे युद्ध ते एकटे हेलिकॉप्टर केवळ तंत्रज्ञांच्या हिकमतीवर उडत राहिले आणि हजारो सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन चिखलातून मैलोगणती चालत जावे लागले. ब्रिटनने ते युद्ध जिंकले. परंतु एका पुरवठा जहाजाची किंमत किती असते हे त्या सैनिकांच्या पायांना चांगलेच कळले असेल.

आता आपल्या घरात डोकावू. गेल्या तीन दशकांत ज्या चार मोठ्या पुरवठा जहाजांवर आपल्या ताफ्यांनी भिस्त ठेवली, त्यांच्या जन्मपत्रिका मांडून पाहिल्या की दुखणे कुठे आहे ते लक्षात येते. ‘ज्योती’ रशियातील सेंट पीटर्सबर्गची, १९९६ ची. ‘आदित्य’ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतले, मूळ जर्मन आराखडा वाढवून बांधलेले. त्याचे जलावतरण १९९३ साली झाले आणि नौदलात प्रवेश २००० साली. ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ ही इटलीत बांधलेली जुळी भावंडे, दोघांचेही वर्ष २०११. चार जहाजे, कुळे मात्र तीन. इंजिने वेगळी, पंप वेगळे, विजेची सामग्री वेगळी, आराखड्यांवरील भाषाही वेगळी. म्हणजे गोदामात ठेवायचे सुटे भाग तीन प्रकारचे, ते हाताळणारे तंत्रज्ञ तीन प्रकारे शिकवायचे, आणि एका जहाजाची निकड दुसऱ्याच्या शिलकीतून भागवण्याची वाट बहुतेक बंद. त्यातही ‘आदित्य’सारख्या जहाजाची सामग्री जेव्हा निवडली गेली तो काळ आणि ते प्रत्यक्ष सेवेत आले तो काळ, यांत एक युग उलटून गेलेले. जहाज नवे आणि त्यातील यंत्रांचा साचा जुना, अशी स्थिती पहिल्या दिवसापासूनच ओढवली तर दोष कोणाला द्यायचा?

या जहाजांनी काम मात्र चोख केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २०१३ साली ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका रशियाच्या उत्तर टोकाहून कारवारकडे निघाली तेव्हा ‘दीपक’ तिच्या सोबतीला होते. २०११ साली लिबियात यादवी पेटली तेव्हा ‘जलाश्व’ आणि ‘म्हैसूर’ यांच्याबरोबर ‘आदित्य’ला धाडण्यात आले. त्याहून बोलका इतिहास आहे तो जुन्या ‘शक्ती’चा. १९६७ सालचे पहिले ‘दीपक’ आणि १९७६ सालचे पहिले ‘शक्ती’ ही दोन्ही जहाजे जर्मनीतील ब्रेमर फुल्कान या नामांकित गोदीने बांधलेली होती. १९९६ साली पहिले ‘दीपक’ निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी त्या गोदीचे दिवाळे वाजले. पुढच्या वर्षी गोदीला कुलूप लागले. ज्या घरात जन्म झाला ते घरच उरले नाही, अशा अवस्थेत जुन्या ‘शक्ती’ने आणखी दहा वर्षे काढली. २००६ च्या जुलैत लेबनॉनमध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला तेव्हा ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्र’ आणि ‘बेतवा’ यांच्या बरोबरीने हे तीस वर्षांचे म्हातारे जहाजही भूमध्य समुद्रात उभे होते. सव्वादोन हजारांहून अधिक माणसे त्या मोहिमेत सुखरूप बाहेर काढण्यात आली; त्यांत भारतीयांबरोबर शेजारी देशांचेही नागरिक होते. पुढच्या वर्षी ‘शक्ती’ निवृत्त झाले. जन्मदाती गोदी गेल्यावरही ज्या अज्ञात यंत्रज्ञांनी ते जहाज दहा वर्षे चालते ठेवले, त्यांच्या नावाने एखादा स्तंभ उभारला तरी तो थोडाच होईल.

परंतु कारागिरांच्या हिकमतीवर किती काळ विसंबायचे? सुटा भाग ही बाजारातून हवी तेव्हा आणता येणारी वस्तू नव्हे. मोटारीचा एखादा भाग पणजीत नाही मिळाला तर मडगावात मिळतो, मडगावात नाही तर बेळगावात. जहाजाच्या इंजिनाचा इंधनपंप असा मिळत नाही. त्याची मापे, त्याच्या धातूची जात, त्यावरची प्रक्रिया हे सारे मूळ उत्पादकाच्या तिजोरीत असते. तो उत्पादक काही वर्षांनी ते मॉडेल बंद करतो, कारखाना दुसऱ्याला विकतो किंवा ब्रेमर फुल्कानप्रमाणे स्वतःच बुडतो. कधी देशच बुडतो. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा आपल्या तिन्ही सैन्यदलांना सुट्या भागांसाठी नव्या नव्या देशांचे उंबरठे झिजवावे लागले. काल एकाच छताखाली असलेले कारखाने आज रशिया आणि युक्रेन अशा दोन राष्ट्रांत विभागले गेले होते. पुढे त्या दोन राष्ट्रांत वैर पेटले. २०२४ च्या जुलैत आपल्या वास्कोतील गोवा शिपयार्डमध्ये ‘त्रिपुट’ या फ्रिगेटचे जलावतरण झाले. आराखडा रशियाचा आणि त्यात बसणारी टर्बाइन्स युक्रेनची, अशी तिची कुळकथा आहे. एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन देशांकडून एकाच नौकेची सामग्री गोळा करण्याची कसरत ज्यांना करावी लागली त्यांनाच तिचे मोल ठाऊक. दाबोळीच्या ‘हंसा’ तळावरील मिग २९ के विमानांचा अनुभवही गोमंतकीयांना परका नाही. २०१६ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी या विमानांची उड्डाणसज्जता अवघी १५.९३ ते ३७.६३ टक्के असल्याचे नोंदवले होते. कारणे अनेक होती आणि इंजिनांतील दोष त्यांत प्रमुख होते. परंतु निष्कर्ष एकच निघतो. जे विकत घेतले ते हाताशी असतेच असे नाही. कागदावर शंभर विमाने वा दहा जहाजे असणे निराळे, आणि आज सकाळी त्यांपैकी किती निघू शकतात हे निराळे.

सुट्या भागांइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. ती म्हणजे जहाजाची सेवा-नोंद. कोणते इंजिन किती तास चालले, कोणता व्हॉल्व्ह केव्हा बदलला, कोणत्या पंपाचे सील दर वर्षी जाते आणि कोणते दहा वर्षे टिकते, कोणत्या गोदीने कोणत्या दुरुस्तीत काय उघडले आणि काय तसेच ठेवले, या साऱ्यांचा लेखाजोखा म्हणजे जहाजाचे चरित्र. जुना वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याचा पूर्वेतिहास विचारतो, तसाच कुशल यंत्रज्ञ पाना हातात घेण्यापूर्वी वही मागतो. वही नसली तर काय होते? जो भाग बिघडलेला नाही तो उघडला जातो आणि जो बिघडणार आहे तो तसाच राहतो. नौदलात नोंदींची पद्धत आहे, शिस्तही आहे. परंतु अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात, गोद्या बदलतात, कागदी वह्यांची जागा संगणक घेतात आणि एका संगणकाची नोंद दुसऱ्याला कळत नाही. अशा प्रत्येक वळणावर जहाजाच्या चरित्राचे एखादे पान गळून पडण्याची भीती असते, आणि त्या पानाचे मोल ते हरवल्यावरच कळते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. सुट्या भागांनी गोदामे भरून ठेवणे म्हणजे सार्वजनिक पैसा गंजत ठेवणे नव्हे काय? वीस वर्षांपूर्वी आणलेले आणि कधीच न लागलेले भाग वेष्टनासकट भंगारात विकण्याची वेळ सरकारी खात्यांवर येते आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतात, ते योग्यच आहे. रबराचे सील तर न वापरताही कुजते. परंतु या आक्षेपाचे उत्तर भाग कमी घेणे हे नव्हे. कोणते भाग घ्यायचे ते जाणून घेणे हे आहे. आणि ते जाणण्याचा एकमेव मार्ग म्हणजे वर सांगितलेली वही. जिथे नोंद नाही तिथे खरेदी अंदाजाने होते. अंदाजाने केलेल्या खरेदीत नको ते ढिगाने येते आणि हवे ते नेमके नसते. मग जे घडते ते आम्हा गोमंतकीयांना समजावून सांगायला नको. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि मांडवी-जुवारीच्या पात्रांत खनिजवाहू बार्ज नांगरून पडल्या, तेव्हा चालू राहिलेल्या एका बार्जीसाठी उभ्या असलेल्या दुसरीचे भाग काढावेत हा मोह कोणालाही व्हावा असाच होता. एकीचे काढून दुसरीला लावले की आजचा दिवस निभावतो. पण ज्या यंत्रातून भाग निघाला ते यंत्र पुन्हा उभे राहील याची शाश्वती राहत नाही. खासगी मालक नाइलाजाने असे करील तर त्याला दोष देता येणार नाही. राष्ट्राच्या आरमाराने मात्र ही वेळ स्वतःवर येऊ देता कामा नये.

म्हणूनच विशाखापट्टणमच्या पाच जहाजांकडे आम्ही मोठ्या आशेने पाहतो. एकाच आराखड्याची पाच भावंडे म्हणजे सुट्या भागांचा एकच साठा, प्रशिक्षणाचा एकच अभ्यासक्रम आणि पाच पट अनुभव देणारी एकच नोंदवही. पहिल्या जहाजावर तिसऱ्या वर्षी जो भाग झिजला तो उरलेल्या चौघांवर आधीच तपासता येईल. ही संधी दवडायची नसेल तर काही गोष्टींचा आग्रह आजच धरला पाहिजे, कारण जहाज गोदीत असताना उत्पादकाला आपली गरज असते आणि जहाज समुद्रात गेल्यावर आपल्याला त्याची. पाचही जहाजांवर मुख्य यंत्रे एकाच जातीची राहिली पाहिजेत. तिसऱ्या जहाजाच्या वेळी कोणी चार पैसे स्वस्त निविदा भरली म्हणून पंपाची जात बदलण्याचा मोह आवरला पाहिजे. ती बचत नव्हे, तीस वर्षांचे कर्ज आहे. परदेशी यंत्र घेतले तर त्याबरोबर त्याचे आराखडे, मापे आणि भाग येथे बनवण्याची परवानगीही घ्यावी. उत्पादन बंद करण्यापूर्वी पुरेशी आगाऊ सूचना देण्याचे आणि अखेरची मागणी पुरवण्याचे बंधन करारातच असावे. सेवा-नोंद ही जहाजाची मालमत्ता समजून ती त्याच्याबरोबर गोदीतून गोदीत जावी आणि बांधणाऱ्या शिपयार्डलाही तिचा लाभ व्हावा, म्हणजे पुढचे जहाज मागच्याहून शहाणे निपजेल.

आणखी एक गोष्ट संसदेने करावी. जहाज खरेदी होते तेव्हा किंमत, दर्जा, दलाली अशा सर्व गोष्टींवर वादळी चर्चा होते. इटलीतल्या जहाजासाठी वापरलेल्या पोलादाच्या दर्जावर महालेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला तेव्हाही ती झाली. परंतु जहाज एकदा ताफ्यात दाखल झाले की त्याच्याविषयीचे सार्वजनिक कुतूहल संपते. वर्षातील किती दिवस ते सज्ज होते आणि किती दिवस सुट्या भागाची वाट पाहत उभे होते, हे कोणी विचारत नाही. संरक्षणाची गुपिते चव्हाट्यावर मांडावीत असे आमचे म्हणणे नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने बंद दाराआड का होईना, हा प्रश्न दरवर्षी विचारावा. पैशाची ओढाताण झाली की कात्री प्रथम देखभालीच्या तरतुदीला लागते, कारण तिला ना उद्‌घाटन असते ना छायाचित्र. ही कात्री रोखणारा कोणीतरी हवा.

हे आपल्याला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. कोचीत बांधलेल्या आणि २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी रशियाकडून पोलाद मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा आपल्या संरक्षण संशोधकांनी आणि सरकारी पोलाद कारखान्यांनी ते येथे तयार करून दाखवले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘चार्ल्स ड्रू’ हे अमेरिकी नौदलाचे पुरवठा जहाज दुरुस्तीसाठी चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीच्या गोदीत आले. दुसऱ्यांची पुरवठा जहाजे दुरुस्त करण्याइतके कौशल्य ज्या देशात आहे त्या देशाला स्वतःच्या जहाजांचे सुटे भाग घडवता येऊ नयेत काय? हिंदुस्थान शिपयार्डचा पायाही अशाच जिद्दीवर घातला गेला आहे. १९४१ साली, परकी राज्यकर्त्यांचे उत्तेजन नसताना, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती गोदी उभारायला घेतली आणि १९४८ साली तिने ‘जलउषा’ पाण्यात उतरवले. स्वदेशी याचा अर्थ त्या पिढीला नेमका ठाऊक होता. सांगाडा येथे जोडायचा आणि त्याचे हृदय, फुप्फुसे आणि नाड्या जन्मभर दुसऱ्याकडून मागत राहायच्या, याला त्या पिढीने स्वदेशी म्हटले नसते.

गोव्यालाही यात वाटा आहे. वास्कोच्या परिसरात आणि नदीकाठच्या बार्जदुरुस्तीच्या कार्यशाळांत लेथवर हात बसलेले कारागीर आहेत. खाणींच्या चढउतारांत त्यांतील कित्येकांचे काम गेले. पंपाचा दट्ट्या, व्हॉल्व्हची बैठक, बेअरिंगचे कवच अशी कामे प्रमाणित मापांनुसार करून घेण्याची व्यवस्था गोवा शिपयार्ड आणि राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मिळून उभारली, तर कारवारपासून मुंबईपर्यंतच्या ताफ्याला ते भाग हाकेच्या अंतरावर मिळतील आणि आमच्या मुलांना जहाजावर चढण्यासाठी परदेशी कंपन्यांच्या दारात रांगा लावण्यावाचून दुसरीही एक वाट दिसेल.

या किनाऱ्याला हा विचार नवा नाही. तीनशे वर्षांपूर्वी रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात आरमाराविषयी लिहिताना गलबतांच्या संख्येपाशी लेखणी थांबवली नाही. त्यांसाठी लागणारे लाकूड कोठून आणावे इथपर्यंत ते गेले. सागासारखी झाडे आपल्या रानातून परवानगीने तोडावीत, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यांचा कटाक्ष होता. आंग्र्यांनी विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिऱ्याला गोदी खोदली ती याच दृष्टीने. जहाज बांधणाऱ्याने ते दुरुस्त कोठे होईल आणि त्याची फळी पुढच्या पिढीला कोणत्या रानातून मिळेल, याचा विचार आधी करायचा असतो, हे त्या माणसांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

विशाखापट्टणमला आज जे पोलाद जोडले जात आहे त्याचे आयुष्य या शतकाच्या मध्यापर्यंत आणि त्याही पलीकडे जाईल. त्या वेळी एखाद्या अपरात्री, दूरच्या समुद्रात, कोणीतरी तरुण यंत्रज्ञ कंदिलाच्या उजेडात वही उघडील आणि फडताळात हात घालील. वहीत पान असावे आणि फडताळात भाग असावा, याची तजवीज करण्याची जबाबदारी त्याची नाही. ती आजच्या राज्यकर्त्यांची आहे, आणि त्यांना तिची आठवण करून देण्याची जबाबदारी तुमची-आमची आहे.